नाव काढणार नाही

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

तुझ्या वकिलांचं पत्र मिळालं. भाषा झकास आहे. 'माझ्या अशिलाचे नाव सदर चित्रपटातून तात्काळ वगळण्यात यावे.' अशील म्हणजे तू आणि सदर चित्रपट म्हणजे आपला चित्रपट, हे डोक्यात शिरायला मला ते दोनदा वाचावं लागलं. आई आपल्या लहानपणी सगळ्यांना सांगत फिरायची, माझ्या पोरी नाव काढतील. तू ते वकील लावून काढायला निघालीस.

तर उत्तर असं : नाव काढणार नाही.

तू माझा नंबर अडवून ठेवलायस, म्हणून हे वकिलांच्याच पत्त्यावर पाठवतेय. वकीलसाहेब, तुम्ही वाचलंत तरी माझी हरकत नाही. तुमच्यासाठी थोडं उलगडून लिहिते, म्हणजे पुढची नोटीस लिहिताना बरं पडेल.

बारा वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या मोठ्या खासगी इस्पितळात नर्सनी आणि वॉर्डातल्या मावश्यांनी संप केला. एकीला दोघींचं काम आणि वर्षानुवर्षं कायम करायचं नाव नाही, एवढंच कारण. आमची आई तिथे बाळांच्या वॉर्डात मावशी होती. तुमच्या अशिलाने नुकतंच कॅमेऱ्याचं शिक्षण संपवलं होतं. मी तिची धाकटी बहीण, मी आवाज धरायचे. हेडफोनची एक बाजू मेलेली, त्यामुळे सगळा संप मी एकाच कानाने ऐकला. ती चित्र घ्यायची, मी आवाज. फाटकासमोर बसलेल्या बायकांबरोबर आम्ही दोघी उन्हात बसलो, त्यांच्यातलाच चहा प्यायलो. संप फसला. चाळीसएक बायका घरी बसल्या. आणि पुढच्या दोन महिन्यांत तुमची अशील त्याच इस्पितळाच्या मालकांच्या जाहिरात कंपनीत नोकरीला लागली. हसऱ्या नर्सच्या जाहिराती, वकीलसाहेब. तुम्हीही पाहिल्या असतील, चांगल्या असतात.

ताई, त्या दिवशी आपल्या दारात उभी राहून मी तुला जे बोलले, ते मागे घेत नाहीये. तू त्यानंतर उंबरा चढली नाहीस, तो तुझा प्रश्न.

चित्रण माझ्याकडे राहिलं. लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ जोडता जोडता मधल्या वेळात मी हेही जोडत गेले. वर्षं गेली, पण झालं पुरं. आता या समुद्राकाठच्या महोत्सवाने ते निवडलंय. मोठ्या मंडपात नाही, लहान हॉलमध्ये. पण निवडलंय.

शेवटी जी नावं येतात, त्यात 'छायाचित्रण' या शब्दाखाली तुझं नाव आहे. पूर्ण, जावईबापूंच्या आडनावासकट. ते मी मुद्दाम लावलंय. जाहिरातींच्या जगात तुला त्याच नावाने ओळखतात ना? ओळखू देत.

तुझी दुसरी मागणी, पाण्याच्या टाकीवरून घेतलेला शॉट काढण्याची. त्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. वकीलसाहेबांना नसावं, म्हणून इथे लिहीत नाही. त्याचंही उत्तर तेच.

आई माझ्याबरोबर आलीय. नको म्हटलं तरी ऐकली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून बसमध्ये खिडकीशी बसली आणि वाटभर शेजारणीला सांगत होती की धाकटीचा सिनेमा लागलाय. तिने तो अजून पाहिलेला नाही.

— मी


६ फेब्रुवारी, दुपार

ताई,

तू महोत्सवालाही नोटीस धाडलीस हे मला आज कळलं. चांगलं केलंस, त्यामुळे संयोजिकाबाईंशी तरी ओळख झाली. गळ्यात चार चार कार्डं अडकवलेली, आवाज बसलेली बाई. त्यांनी मला कार्यालयात बोलावलं. कार्यालय म्हणजे बंदरावरच्या जकातीच्या जुन्या इमारतीतली एक खोली. भिंतीला मिठाचे पोपडे आणि टेबलावर एकमेकांत अडकलेल्या वायरींचा गुंता. त्या म्हणाल्या की चित्रपट त्यांना मनापासून आवडलाय, पण मालकांशी वाकडं घेण्याची त्यांची ऐपत नाही. तो एक शॉट तेवढा काढला तर वकील गप्प बसतील असा त्यांचा अंदाज. एका शॉटने काय फरक पडतो, असंही म्हणाल्या.

मी म्हटलं, फरक पडत नसेल तर राहू दे की.

त्या हसल्या नाहीत. मग मी सांगितलं की कॅमेरा माझ्या बहिणीचा नव्हता, भाड्याचा होता, भाडं मी भरलं, आणि चित्रणावर दोघींचा सारखाच हक्क आहे. हवं तर तसं लिहून देते. काय होईल ते माझ्यावर. लिहून दिलं. आता तू खटला भरायचा तर माझ्यावर भर. सख्ख्या बहिणीवर खटला भरलास तर निदान कोर्टात तरी भेट होईल.

तिथून तरातरा निघाले ती थेट दिग्दर्शकांच्या गप्पांच्या मंडपात. वाळूत खांब रोवून कापड ताणलंय, वारा आला की ते असं फडफडतं की बोलणाऱ्याला थांबावं लागतं. आजचे पाहुणे पांढऱ्या दाढीचे एक नावाजलेले दिग्दर्शक होते. ते म्हणाले, स्वतंत्र चित्रपट म्हणजे ज्याला 'हे काप' असं सांगणारा कुणी नसतो तो चित्रपट. सगळ्यांत मोठ्या टाळ्या माझ्या. तळहात लाल होईस्तोवर वाजवल्या. आई माझ्याकडे बघत राहिली.

मग मागच्या ओळीतली एक मुलगी उठली. तीही चित्रपट करते. तिने विचारलं, तुमच्या चित्रपटात तुमच्या म्हाताऱ्या काकू आहेत, त्यांना आंघोळ घालतानाचंही दाखवलंय, त्यांनी तो पाहिला का? दाढीवाले म्हणाले, काकू आता नाहीत, पण त्यांना आवडला असता. लोक हसले. त्यांची पुढची गोष्टही रंगली.

मी हसले नाही, ताई. माझ्या शेजारी आई बसली होती.

वकीलसाहेबांनी वाचलं तरी आता लिहिते. टाकीवरच्या शॉटमध्ये आई आहे. संपाचा चौथा दिवस. फाटकासमोर बसलेल्या बायकांमधून एक मावशी उठते आणि इस्पितळाकडे चालू लागते. दुरून घेतलंय, ती पाठमोरी आहे. एकेक करून बाकीच्या बायका तिच्याकडे पाठ फिरवतात. ती थांबत नाही, दाराशी पोचते. संपात आपण इतकं काही टिपलं, पण त्या शॉटच्या तोडीचं एकही नाही. घरच्यांशिवाय कुणी तिला ओळखणार नाही, याची मी काळजी घेतलीय. ती वळून वर बघते त्याच्या आधीच मी कापलंय.

आणि तू हे काढायला सांगतेस, ते आईसाठी नाही. मालकांच्या कंपनीत तुझी खुर्ची डळमळेल म्हणून. मला शिकवू नकोस.

पण आईला मी अजून सांगितलेलं नाही, हेही खरं. परवा सकाळी ती पहिल्या रांगेत बसणार आहे.

— मी


७ फेब्रुवारी, संध्याकाळ

ताई,

आज आईला सांगितलं.

सकाळी नाश्ता करून आम्ही धक्क्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिने पट्टा सोडून गुडघा उन्हात ठेवला होता. मी म्हटलं, आई, सिनेमात तू आहेस, आणि बायकांमध्ये बसलेली नाहीस, आत जाताना आहेस.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मोठी टाकीवर होती. मी वर बघितलं होतं तिच्याकडे."

मग तिने विचारलं की त्यात तिचं तोंड दिसतं का. मी जरा ऐटीतच सांगितलं की नाही, अजिबात नाही, त्याच्या आधीच कापलंय, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडेल.

खाली एक माणूस होडीच्या बुडाला रंग देत होता, ती त्याच्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "मी काय चोरी करायला गेले होते?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतील, म्हणून.

"लोकांनी तेव्हाच म्हणून झालंय. तुम्ही दोघी मात्र मला झाकत बसलात. एक वकील लावून आणि एक कात्री लावून. मला विचारलं कुणी?"

ताई, मला तेव्हा कळलं की नोटिशीचं तिला ठाऊक आहे. आणि मग हेही कळलं की तू दर रविवारी तिला फोन करतेस. इतकी वर्षं. मी बाजारात जाते त्या वेळेला. मी घरात शिरले की ती 'बरं, ठेवते' म्हणते आणि मला सांगते की राँग नंबर होता. दर रविवारी राँग नंबर, आणि मला कधी शंका आली नाही. मी स्वतःला फार हुशार समजते.

तिनेच तुला सिनेमाबद्दल सांगितलं. तू विचारलंस की टाकीवरचं त्यात आहे का, ती म्हणाली असेल बहुतेक, आणि तू म्हणालीस, मी काढायला लावते, तुला कुणी बोललेलं मला चालणार नाही. म्हणजे नोकरीचा त्यात संबंध नव्हता. काल मी जे लिहिलं त्यातली ती खुर्चीची ओळ खोडते. बाकीचं तसंच.

मी आईला विचारलं की मग ताई त्या कंपनीत गेलीच का. आई म्हणाली, "तिला काम हवं होतं, म्हणून. तू समजतेस तसं त्यात आणखी काही नाही. आणि मला ते आवडलंही नव्हतं. पण पोटची पोरगी आहे, फोन घेते."

नंतर तिने हुकूम सोडला. दुसरा शब्द नाही. तोंड परत लाव.

मूळ चित्रण डिस्कवर बरोबरच होतं. लॉजच्या खोलीत खाटेवर मांडी घालून मी तो शॉट उघडला, आई मागे उशीला टेकून बसली. मी कापलं होतं त्याच्या पुढचं कितीतरी वर्षांनी पाहिलं. आई दाराशी पोचते, वळते, वर बघते. अगदी सरळ. आणि तिथे तुझा कॅमेरा हलतो. इतकं सगळं चित्रण, ढकलाढकलीतसुद्धा तुझा हात हलला नाही, आणि इथे हलतो. तेव्हा मला ती चूक वाटली होती. कापायला तेही एक निमित्त होतं.

आई म्हणाली, "बघ, किती घाबरली होती पोर." म्हणजे तू.

तुला शॉट काढायला हवा होता, तो आता आधीपेक्षा मोठा झालाय. तुझ्या हाताच्या थरथरीसकट लावलाय. दुपारी नवी फाइल घेऊन गेले, तर प्रोजेक्शनच्या बाई भडकल्या. सगळं तपासून झालंय, आता नव्याने आवाज जुळवायचा म्हणजे त्यांचा दिवस गेला, वगैरे. बरोबरच होतं त्यांचं. मग आईने त्यांना सांगितलं की आधीच्या फाइलमध्ये तिचं तोंड राहून गेलंय. त्यांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डिस्क घेतली.

एक सांगायचं राहिलं. उद्या चित्रपटानंतर गप्पा आहेत, आणि स्टेजवर माझ्याबरोबर मोठ्या सिस्टर आहेत. त्याच, संपाच्या पुढारी. मीच बोलावलंय त्यांना, आणि ते निवड झाली तेव्हाच. संपापासून त्या आणि आई एकमेकींशी बोललेल्या नाहीत. आईला हेही आजच सांगितलं. ती म्हणाली, "येऊ देत. मी कुठे पळतेय?"

— मी


८ फेब्रुवारी, दुपार

ताई,

झालं. लगेच लिहिते, नाहीतर नंतर मी त्यात साखर घालीन.

हॉल भरला. अगदी मागे उभे राहिलेलेसुद्धा होते. मला वाटतं तुझ्या नोटिशीची बातमी फुटली होती. गर्दी जमवल्याबद्दल वकीलसाहेबांचे आभार. मोठ्या सिस्टर आता काठी घेऊन चालतात, पण पाठ तशीच ताठ. त्यांनी आईला पाहिलं. नमस्कार नाही, काही नाही. दोघी पहिल्या रांगेत दोन टोकांना बसल्या.

टाकीवरचा शॉट आला तेव्हा मी पडद्याकडे पाहिलंच नाही, या दोघींकडे पाहिलं. आईने वर बघितलं, पडद्यावरच्या आईने, आणि हॉलमधल्या आईने हनुवटी तशीच वर केली. सिस्टरांनी काठीची मूठ घट्ट धरली.

दिवे लागले, मी आणि सिस्टर स्टेजवर चढलो. आधी नेहमीचे प्रश्न झाले, किती वर्षं लागली, पैसे कुठून आणले. मग एका माणसाने विचारलं की ती आत जाणारी बाई कोण होती, आणि तिने सगळ्यांना दगा का दिला. मी माइक तोंडाशी नेला. काय बोलणार होते देव जाणे. तेवढ्यात आई उठली.

"ती मी," ती म्हणाली.

तिला माइक दिला. तिने तो खराट्यासारखा धरला होता, दोन्ही हातांनी. तिने सांगितलं की संप ठरला तेव्हा बाळांच्या वॉर्डात दोघींना कामावर ठेवायचं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या दोघींनाही बाहेर बोलावलं, मालक नमत नव्हते म्हणून. आत शिकाऊ मुली उरल्या. काचेच्या पेट्यांत दिवस न भरलेली बाळं होती. म्हणून ती गेली.

सिस्टर स्टेजवरून बोलल्या. आवाज चढवला नाही. "मावशी, तुम्ही गेलात, म्हणून दुसऱ्या दिवशी बाकीच्या गेल्या. संप मोडला. ज्या घरी बसल्या, त्यांच्या घरी मी जाऊन आलेय. एकेकीच्या."

"हो," आई म्हणाली. "तेही खरं आहे."

"मग?"

"मग काही नाही. आज तशी वेळ आली तर आजही जाईन."

सिस्टरांनी विचारलं, त्या बाळांचं पुढे काय झालं?

"सगळी घरी गेली. एक सोडून," आई म्हणाली. "ते आदल्या दिवशीच गेलं होतं. आपण सगळ्या बाहेर बसलो होतो तेव्हा. शिकाऊ मुलगी मागच्या दाराने येऊन मला सांगून गेली. रडत होती."

"मला कुणी सांगितलं नाही."

"मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संप तिथल्या तिथे मोडला असता. बायका उठून आत पळाल्या असत्या. म्हटलं, माझी मी जाते, बाकीच्यांना बसू दे. त्या माझ्या मागून येतील असं मला वाटलं नव्हतं. आणि ते बाळ आपल्यामुळे गेलं का, तेही मला माहीत नाही. नाजूकच होतं आधीपासून. पण मी तिथे नव्हते."

हे मला माहीत नव्हतं, ताई. इतकी वर्षं एका घरात राहतो आम्ही. मी संपावर सिनेमा केला, आईला समोर बसवून तिची मुलाखत घेतली, आणि ती तेव्हा मला ड्यूटीच्या वेळा सांगत बसली होती. तुला माहीत होतं का? रविवारच्या फोनवर तिने तुला सांगितलं होतं का?

सिस्टर काठी टेकत स्टेजवरून उतरल्या. मी हात द्यायला गेले तर झिडकारला. आईच्या शेजारच्या माणसाला त्यांनी नुसतं बघून उठवलं आणि तिथे बसल्या. मला वाटलं आता मिठी वगैरे. छे. त्या म्हणाल्या, "तरी मी पाठ फिरवलीच असती."

"फिरवायलाच हवी होती," आई म्हणाली. "तुम्ही पुढारी होता."

पुढे दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी स्टेजवर होते, आणि लोक अजून विचारत होते. तुझ्याबद्दलही विचारलं. टाकीवरून ते कुणी घेतलं? मी म्हटलं, माझ्या थोरल्या बहिणीने. ती आता त्याच मालकांच्या जाहिराती करते, ती माझ्याशी बोलत नाही, हे नाव पडद्यावरून काढा असं तिच्या वकिलांचं म्हणणं आहे, आणि मी काढणार नाही. कारण हे चित्रण करायला जी छाती लागते ती माझ्यात नव्हती. आपली आई खाली एकटी पडताना बघायची आणि कॅमेरा बंद करायचा नाही. मी खाली गर्दीत होते. मी हेडफोन काढून ठेवला होता. त्या शॉटला आवाज नाही तो त्यामुळे. लोकांना वाटतं ती कला आहे.

एवढं सगळं माइकवर बोलून गेले. टाळ्या पडल्या का ते आठवत नाही.

— मी


११ फेब्रुवारी, सकाळ

ताई,

तुझं उत्तर आलं. वकिलांकडून नाही, तुझ्या स्वतःच्या पत्त्यावरून. 'नाव राहू दे. पण आत्ताचं नको, माहेरचं लाव. टाकीवर चढले तेव्हा माझं नाव तेच होतं.' एवढंच. बाळाचं तुला माहीत होतं की नव्हतं, याबद्दल अक्षर नाही. ठीक आहे, ते तुझं आणि आईचं.

नाव बदललं. आपलं दोघींचं आडनाव आता एकाखाली एक येतं. आईने ते मोठं करून दाखवायला सांगितलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मग बॅग भरायला गेली.

मी दारात बोलले होते त्यातलं अजूनही काही मागे घेत नाहीये. तू तिथे काम करतेस ते मला पटत नाही, उद्याही पटणार नाही, आणि समोर आलीस तर तोंडावर सांगेन. तू मला तुझं म्हणणं सांग. बारा वर्षं ते कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात आणखी एका गावाने चित्रपट बोलावलाय. गप्पांसाठी माझ्या शेजारी एक खुर्ची मागून ठेवलीय, छायाचित्रकाराची. तू आली नाहीस तर तिथे आई बसेल. आणि तिच्या हातात माइक दिला की काय होतं, ते तू वाचलंच आहेस.

— धाकटी